श्रावण संपल्यावर

आषाढातली अमावास्या पंचांगात दिव्यांची अवस असते, बोलीत मात्र ती 'गटारी'. त्या संध्याकाळी मटणाच्या दुकानासमोर लागते तशीच रांग वाइन शॉपसमोरही लागते आणि दुसऱ्या दिवसापासून महाराष्ट्रातली असंख्य माणसं महिनाभर बाटलीला हात लावत नाहीत. काही जण हे व्रत पुढे अनंत चतुर्दशीपर्यंत ओढतात. मग केव्हातरी घरात विषय निघतो, बायको काही बोलते, आणि ठरलेलं उत्तर येतं: 'श्रावणात एक थेंब घेतला का मी? मग बेवडा कसा म्हणतेस?' या उत्तरापुढे घरातले गप्प होतात, कारण त्यातली माहिती खरी असते. चुकतो तो तिच्यावरून काढलेला निष्कर्ष. दारू सोडणं हे काम एका दिवसात होतं. अनेक पिणाऱ्यांनी ते आयुष्यात दहादा केलेलं असतं. सोडलेली दारू सोडलेलीच ठेवणं हे मात्र वर्षानुवर्षांचं काम आहे आणि त्याची रीत पूर्ण वेगळी आहे. आपलं सगळं लक्ष पहिल्या कामावर खिळलेलं असतं. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ, देवापुढे उचललेला बेलभंडार, मोरीत ओतलेली बाटली, केंद्रात भरती केल्याची पावती, हे सगळे सोडण्याचे क्षण. व्यसनमुक्ती निर्धाराने सुरू होत असेल, पण ती टिकते व्यवस्थेवर. ही व्यवस्था म्हणजे औषधं, सोबतीची माणसं आणि संध्याकाळी सात वाजता करायला काहीतरी असणं. हे नीट समजलं तर व्यसनाबद्दलच्या आपल्या बहुतेक गैरसमजांची गाठ सुटते.

आधी व्यसन कशाला म्हणायचं ते पाहू. माणूस किती पितो एवढंच डॉक्टर विचारत नाहीत. ते साधारण सहा गोष्टी तपासतात: तलफ अनावर होते का, एक पेग ठरवून बसल्यावर चारवर जातो का, न घेतल्यास हात थरथरतात किंवा झोप उडते का, पूर्वीच्या मात्रेने काहीच होत नाही म्हणून मात्रा वाढली आहे का, दारूपुढे बाकीचे छंद, नाती, कामं मागे पडली आहेत का, आणि नुकसान डोळ्यांपुढे दिसत असूनही पिणं चालूच आहे का. वर्षभरात यातल्या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर ते अवलंबित्व. एक महिना थांबून दाखवल्याने ही यादी रद्द होत नाही. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेलं देशव्यापी सर्वेक्षण 2019 साली प्रसिद्ध झालं. त्यानुसार भारतात सुमारे 16 कोटी लोक दारू पितात, त्यातल्या जवळपास 5 कोटी 70 लाखांचं पिणं अपायकारक किंवा अवलंबित्वाच्या पातळीवर पोचलेलं आहे, आणि सुमारे 2 कोटी 90 लाख लोक पूर्ण अवलंबून आहेत. म्हणजे पिणारा प्रत्येक जण व्यसनी नसतो हे खरं, पण तिघांतला एक तरी धोक्याच्या रेषेपलीकडे आहे, हेही तितकंच खरं.

'मी आपला रोजची एक क्वार्टर, त्याच्या वर नाही,' असं सांगणाऱ्याला ती मर्यादा वाटते. हिशेब करून पाहिला तर चित्र बदलतं. क्वार्टर म्हणजे 180 मिलिलिटर. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर अल्कोहोलचं प्रमाण 42.8 टक्के छापलेलं असतं. म्हणजे त्या चपट्या बाटलीत जवळपास 77 मिलिलिटर, वजनाने 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. वैद्यकीय मोजणीत 10 ग्रॅमचं एक माप धरतात, त्या हिशेबाने ही सहा मापं झाली. बहुतेकांचं यकृत तासाला सात ते दहा ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल हातावेगळं करू शकतं. रात्री अकराला संपवलेली क्वार्टर सकाळी गाडीला किक मारताना थोडीफार रक्तात असू शकते. हे रोज घडत राहिलं की यकृतात चरबी साठते, मग सूज येते, मग यकृत कडक होत जातं. कावीळ, पोटात पाणी, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून होणारी रक्ताची उलटी ही पुढची पायरी. जेवण सुटल्याने ब-1 जीवनसत्त्व संपतं, तोल जातो, स्मृतीला कायमची इजा होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था दारूला पहिल्या गटातलं, म्हणजे माणसात कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेलं द्रव्य मानते. अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्त्रियांचे स्तन हे त्यातले काही अवयव. दारू देशी की इंग्लिश याने यात काही फरक पडत नाही.

शरीरापेक्षा मेंदूतला बदल समजायला अवघड, पण आपल्या मुद्द्यासाठी तोच महत्त्वाचा आहे. एखाद्या दाराला एका बाजूने कोणी सतत रेटा देत असेल तर दार जागेवर ठेवायला दुसऱ्या बाजूनेही तितकाच रेटा द्यावा लागतो. दारू मेंदूला मंद करते. मेंदू जागं राहण्यासाठी उलट दिशेने जोर लावायला शिकतो. महिने, वर्षं हा खेळ चालतो. मग एका सकाळी दारू अचानक थांबते, एका बाजूचा रेटा नाहीसा होतो आणि दार धाडकन उघडतं. हात कापतात, घाम फुटतो, छाती धडधडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, कोणी मारायला आलंय असं वाटतं, ताप चढतो. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. म्हणून बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने श्रावणाच्या पहिल्या दिवशी घरच्या घरी एका फटक्यात दारू बंद करणं हे धाडस धोक्याचं आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवस उतरत्या मात्रेची औषधं आणि ब-1ची इंजेक्शनं घेतली तर हाच टप्पा बहुतेक वेळा सुरक्षित पार पडतो. ब्राउन शुगरच्या, म्हणजे गर्दच्या, बाबतीत नशा थांबल्यावरच्या अशाच अवस्थेला नशेखोरांच्या बोलीत 'टर्की' म्हणतात. अंग मोडून येणं, जुलाब, नाक गळणं, हाडांत कळा. ती सहसा जीव घेत नाही, पण ती टाळण्यासाठी माणूस घरातली भांडीसुद्धा विकतो.

सोडण्याच्या क्षणावर भाबडा विश्वास ठेवण्याचा सर्वांत घातक प्रकार एसटी स्टँडच्या भिंतींवर रंगवलेला दिसतो: 'न कळत दारू सोडवा.' आमटीत, चहात मिसळायची पूड. अशा पुड्यांत काय आहे हे सहसा कोणी सांगत नाही. दारू सोडवण्याचं एक जुनं, खरं औषध आहे, डायसल्फिराम. डेन्मार्कमध्ये 1948च्या सुमारास त्याचा वापर सुरू झाला. दारू पचताना मधे तयार होणारा विषारी पदार्थ पुढे मोडू न देणं हे त्याचं काम. औषध घेतलेल्या माणसाने दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ज्याला हे माहीत आहे आणि जो रोज सकाळी स्वतःच्या हाताने गोळी घेतो, त्याच्यासाठी ती दिवसभराचं कुंपण ठरते. पण नवऱ्याच्या नकळत बायकोने तीच गोळी डाळीत कुस्करली, तर संध्याकाळी बेसावधपणे घेतलेला पेग त्याच्या जिवावर बेतू शकतो. औषध तेच, पण एका ठिकाणी ते माणसाच्या संमतीने उभ्या केलेल्या व्यवस्थेचा भाग आहे आणि दुसऱ्या ठिकाणी घातपात.

समजा, हा टप्पा नीट पार पडला. दहाबारा दिवसांत रक्त स्वच्छ झालं, हात थांबले, भूक लागू लागली, चेहऱ्यावर तकाकी आली. घरच्यांना वाटतं, सुटला. पण उपचारांची सुरुवात आता कुठे झालेली असते. मेंदू दारूला फक्त सरावलेला नसतो, तो तिच्याभोवतीचं सगळं शिकलेला असतो: पगाराची तारीख, नाक्यावरचा वळणरस्ता, चकन्याच्या शेंगदाण्याचा खमंग वास, साहेबाने झापल्यावर होणारी तगमग. यातलं काहीही समोर आलं की तलफ उठते. ती बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरते, पण तेवढा अर्धा तास काढायचा कसा, हे शपथेत लिहिलेलं नसतं. गर्द किंवा हेरॉइन घेणाऱ्याच्या बाबतीत हा काळ जास्तच जोखमीचा. काही आठवडे थांबल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि माणूस परतला की हाताला जुनाच डोस आठवतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत असे मृत्यू जास्त होतात ते यामुळेच. अफूजन्य नशेवर ब्यूप्रेनॉर्फिन, मेथाडोनसारखी औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली दीर्घकाळ दिली जातात, आणि ती चालू असेपर्यंत मृत्यूचं प्रमाण निम्म्याच्या आसपास खाली येतं असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. 'एका नशेऐवजी दुसरी नशा' असा त्यावर आक्षेप घेतला जातो. पण ठरलेल्या वेळी ठरलेली मात्रा घेऊन कामावर जाणारा माणूस आणि पुडीसाठी चोरी करणारा माणूस यांना एकाच मापाने मोजता येत नाही. मुंबई-पुण्यात पसरलेल्या एमडी (मेफेड्रोन) सारख्या उत्तेजकांवर मात्र असं औषध अजून हाती नाही. तिथे समुपदेशन आणि माणसांची सोबत यांवरच भिस्त ठेवावी लागते.

इथे सर्वांत दमलेला आक्षेप येतो आणि तो कुटुंबाचा असतो. 'केंद्रात ठेवला, दागिने मोडून पैसे भरले आणि महिन्याभरात पुन्हा प्यायला. मग उपयोग काय?' या प्रश्नामागची निराशा खरी आहे. 2000 साली अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या लेखात व्यसनाची तुलना मधुमेह, रक्तदाब आणि दमा यांच्याशी केली होती. उपचारांनंतर वर्षभरात पुन्हा नशेकडे वळणाऱ्यांचं प्रमाण साधारण 40 ते 60 टक्के, आणि रक्तदाब किंवा दमा पुन्हा उचल खाणाऱ्यांचं प्रमाणही त्याच घरातलं किंवा त्याहून थोडं जास्त. आता आपल्या वागण्यातला फरक बघा. रक्तदाब वाढला तर आपण डॉक्टरकडे जातो, गोळी बदलतो, मीठ कमी करतो. औषध थांबवल्यावर रक्तदाब चढला, यावरून औषध काम करत होतं असंच आपण म्हणतो. दारूच्या बाबतीत मात्र, उपचार थांबल्यावर माणूस घसरला की उपचार खोटे आणि माणूस नालायक, असा निकाल लागतो. व्यसनमुक्तीच्या गटांत याला नुसतं 'स्लिप' म्हणतात. स्लिप झाली की विचारायचं, ती कुठे, कोणासोबत, कशामुळे झाली आणि पुढच्या वेळी तिथे काय लावायचं. घसरणीचं समर्थन यात कुठेच नाही. घसरणीनंतर उपचार सोडून देण्याला मात्र विरोध आहे, कारण खरा घात तिथे होतो.

मराठी माणसाच्या मनात दारूचं जे चित्र आहे, ते मोठ्या प्रमाणात राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'ने रंगवलं आहे. 1919 साली, गडकरी गेल्यानंतर, गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणलं आणि बालगंधर्वांची सिंधू घराघरात पोचली. नाटकाचा धडा म्हणून आपण पहिला प्याला लक्षात ठेवला: तो घेतला की संपलं, मधे कुठेही परतीची वाट नाही. पण नाटकात आणखी एक जागा आहे. मधेच नाटकाचा नायक सुधाकर दारू सोडायचं ठरवतो, प्रतिष्ठितांच्या दारी काम मागायला जातो, तिथे त्याच्या वाट्याला अपमान येतो आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. आजच्या भाषेत ही घसरणीची अगदी नेमकी नोंद आहे. सुधाकरकडे निर्धाराची कमतरता नव्हती, बुद्धीची तर नव्हतीच. त्याच्याकडे नव्हती ती दारू सोडलेल्या माणसाला ठेवायला जागा. दारुड्या तळीरामाच्या मंडळात त्याचं स्वागत व्हायचं; सभ्य समाजाने दार लावून घेतलं होतं. शंभर वर्षांनंतरही परिस्थिती फार बदललेली नाही. पिणाऱ्याला 'घे रे एक' म्हणणारे दहा भेटतात, सोडलेल्याला नोकरी देणारा एखादाच.

ही जागा कशी तयार होऊ शकते हे अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी 1935 साली दिसलं. न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल धंद्याच्या कामासाठी तिथे आला होता. काही महिने त्याने दारू सोडलेली होती. व्यवहार फसला, खिसा रिकामा, हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला गजबजलेला बार आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने चर्चच्या यादीतले नंबर फिरवले आणि एकच गोष्ट विचारत राहिला: गावात एखादा दारुडा आहे का, ज्याच्याशी मला बोलता येईल? त्यातून त्याची गाठ एका सर्जनशी पडली, जो स्वतः दारूत बुडालेला होता. दोघांचं जमलं. गंमत अशी की काही दिवसांनी तो सर्जन वैद्यकीय परिषदेला गेला आणि तिथे पुन्हा यथेच्छ प्यायला. परत आल्यावर त्याला शस्त्रक्रिया करायची होती आणि हात स्थिर राहावेत म्हणून त्या सकाळी त्याच्या मित्राने त्याला बिअर दिली. ती त्याची शेवटची. 10 जून 1935 हा तो दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या जगभर पसरलेल्या चळवळीचा स्थापना दिवस मानला जातो. म्हणजे चळवळीचा जन्मच एका घसरणीनंतर झाला. त्या दलालाला त्या संध्याकाळी शपथेने तारलं नाही. दुसऱ्याला मदत करण्याच्या निमित्ताने त्याने स्वतःचा अर्धा तास काढला. आज महाराष्ट्रातल्या शाळांच्या वर्गांत, चर्चच्या हॉलमध्ये, दवाखान्यांच्या आवारात अशा मीटिंग भरतात. माणूस उठतो, नाव सांगतो, मी मद्यपी आहे म्हणतो आणि बोलतो. वीस वर्षं न प्यायलेला माणूसही हे वाक्य वर्तमानकाळातच म्हणतो. आणि आयुष्यभराचं वचन कोणी मागत नाही. फक्त आजचा दिवस, एवढंच.

यावर विचारी माणसाची शंका अशी की हे सगळं श्रद्धेचं, भजनी मंडळासारखं आहे, यात विज्ञान कुठे? शंका रास्त आहे, म्हणून पुरावा बघावा. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2020 साली 27 अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली. संपूर्ण मद्यमुक्त राहण्याच्या बाबतीत या गटांशी जोडून देणारे उपचार इतर मान्यताप्राप्त मानसोपचारांइतकेच, आणि काही बाबतींत जास्त परिणामकारक ठरले. मोठं कारण साधं असावं: हे गट फुकट आहेत, दर आठवड्याला आहेत आणि ते महिन्याभराने डिस्चार्ज देत नाहीत. भजनी मंडळाची उपमाही टाकाऊ नाही. वारकरी तुळशीची माळ घालतो तेव्हा दारू-मटण सोडतो, आणि अनेक गावांत ही माळ टिकते. तिची ताकद मण्यांत शोधण्यापेक्षा तिच्याबरोबर येणाऱ्या गोष्टींत शोधावी: पंधरवड्याची एकादशी, संध्याकाळचा हरिपाठ, वर्षाची वारी, आणि 'माऊली' म्हणून हाक मारणारी शे-दोनशे माणसं. माळ घालणारा एक दिवस शपथ घेतो, पण तिच्यासोबत त्याला आयुष्यभराचं वेळापत्रक मिळतं. देव न मानणाऱ्यालाही वेळापत्रक आणि माणसं लागतातच. ती कुठून आणायची एवढाच प्रश्न.

महाराष्ट्राने या प्रश्नाचं एक उत्तर स्वतः घडवलं. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर पसरली, चांगल्या घरांतली मुलं पन्नीवर धूर ओढू लागली आणि अनिल अवचटांनी 'गर्द' लिहून हे जग मराठी वाचकासमोर ठेवलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने 29 ऑगस्ट 1986ला पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झालं. इथल्या पद्धतीत आपल्या मुद्द्याचा पुरावा दिसतो. उपचार काही आठवड्यांचे, पण त्यात सकाळचा योग, साफसफाई, गटातली चर्चा असा भरगच्च दिवस. पूर्वी व्यसनात असलेली माणसंच पुढे समुपदेशक म्हणून काम करणारी. आणि बाहेर पडल्यावर पाठपुरावा, गावोगावच्या बैठका, पत्नींसाठी वेगळा गट. व्यसनमुक्तीचा वाढदिवस साजरा होतो, म्हणजे सोडल्याच्या क्षणाऐवजी टिकवलेल्या वर्षाचं कौतुक होतं. भिंती आणि कुलपं असलेलं केंद्र माणसाला दारूपासून तेवढे दिवसच लांब ठेवतं. काही ठिकाणी तर 'व्यसनमुक्ती'च्या नावाखाली मारहाण आणि साखळदंड चालतात. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला स्पष्ट मनाई केली आहे. केंद्र निवडताना घरच्यांनी 'किती दिवसांत बरा कराल' हे विचारण्याऐवजी 'घरी आल्यावर तुम्ही काय करता' हे विचारावं.

'कितीतरी लोक कुठल्याही केंद्रात न जाता, मनाने ठरवून सोडतात. त्यांचं काय?' हा आक्षेप उडवून लावता येत नाही, कारण तो बरोबर आहे. याचा सर्वांत ठळक दाखला व्हिएतनाम युद्धाचा. 1971मध्ये तिथून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स या संशोधिकेने केला. जवळपास पाचातला एक सैनिक तिथे हेरॉइन-अफूवर अवलंबून होता. देशाला वाटलं, आता हे लोंढे शहरं बुडवणार. प्रत्यक्षात घरी परतल्यानंतरच्या वर्षभरात त्यांतल्या जेमतेम 5 टक्क्यांना पुन्हा व्यसन जडलं. बहुतेकांनी उपचार घेतलेही नव्हते. हा निर्धाराचा विजय होता का? निर्धार होताच, पण त्याबरोबर त्यांचं सगळं जगच बदललं होतं. युद्धाची भीती नाही, स्वस्त हेरॉइन पुरवणारा पोऱ्या नाही, नशा करणारे सोबती पांगलेले. समोर घर, आई-बाप, नोकरी. न मागता त्यांना अख्खी नवी व्यवस्था मिळाली. आपल्याकडे मनाने दारू सोडणाऱ्यांकडेही नीट पाहिलं, तर व्यसन फार मुरलेलं नसतं, काम चालू असतं, घर तुटलेलं नसतं, किंवा बदली होऊन जुना कंपू सुटलेला असतो. ज्याच्याकडे यातलं काहीच उरलं नाही त्याला 'तो सोडू शकतो तर तू का नाही' म्हणणं म्हणजे दोघांना एकाच शर्यतीत उभं करून एकाच्या पायात बेडी घालणं आहे.

दुसऱ्या बाजूने विचारलं जातं की आजार म्हटलं की जबाबदारी संपली ना? उद्या मारहाण करणारा नवराही म्हणेल, मी आजारी आहे. आजार आणि जबाबदारी यांत असा विरोध नाही. मधुमेह झाला हा माणसाचा दोष नव्हे. इन्सुलिन घ्यायचं की नाही, ही जबाबदारी मात्र त्याचीच. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं की दारूच्या अवलंबित्वाचा कल जवळपास निम्मा अनुवंशिक असतो. कोणाला ते जडेल यावर माणसाचा पूर्ण ताबा नाही. पण उपचाराला जाणं, मीटिंगला बसणं, फोन उचलणं हे त्याच्या हातात आहे. आणि मारहाण हा गुन्हाच आहे, तो कोणत्याही आजाराने माफ होत नाही. बायकोने पोराबाळांना घेऊन सुरक्षित ठिकाणी जाणं म्हणजे उपचारात खोडा घालणं मुळीच नाही. उलट दारूचे परिणाम झाकत राहण्याने व्यसन लांबतं: साहेबाला 'ताप आलाय' म्हणून खोटा फोन करणं, बारवाल्याची उधारी भरणं, ओकारी पुसून सकाळी काही घडलंच नाही असं दाखवणं. प्यायलेल्या माणसाशी वाद घालणं व्यर्थ. सकाळी, शुद्धीत असताना, थोडक्यात आणि ठामपणे बोलावं. हे शिकता येतं, आणि शिकवल्याने फरक पडतो. अमेरिकेत 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नातेवाइकांना असं पद्धतशीर प्रशिक्षण दिल्यावर उपचार नाकारणाऱ्यांपैकी 64 टक्के जण उपचाराला तयार झाले. सगळ्यांनी घेरून जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण 30 टक्के होतं.

मग मुळावरच घाव का घालू नये, बाटलीच नको, असं अनेकांना, विशेषतः ग्रामीण स्त्रियांना वाटतं. महाराष्ट्रात गावातल्या स्त्रिया मतदान करून दारूचं दुकान बंद करू शकतात, आणि त्या मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हं असतात. आडव्या बाटलीसाठी झालेले लढे ही आपल्या सार्वजनिक जीवनातली अभिमानाची गोष्ट आहे. गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनातून 1993 साली जिल्हाभर दारूबंदी आली. चंद्रपुरात 2015 साली आली आणि 2021 साली उठवली गेली. दारू हाताशी नसेल, महाग असेल, तर एकूण पिणं घटतं, यात फारसा वाद नाही. नव्या पोरांचा पहिला प्याला लांबतो, हा लाभ मोठा आहे. पण जो आधीच अवलंबून आहे त्याचा मेंदू दुकानाच्या शटरबरोबर बंद होत नाही. तो चोरटी दारू शोधतो, आणि स्वस्त चोरट्या दारूत मिथेनॉल निघालं की काय होतं, हे जून 2015मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसांच्या मृत्यूने दाखवलं. आणि मुंबईत तर बंदीही नव्हती. म्हणून बंदी हवी की उपचार, हा वाद फसवा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने पुढे 'मुक्तिपथ'मधून गावसंघटना, अंमलबजावणी आणि उपचार यांची सांगड घातली, ती याच जाणिवेने. आडवी बाटली हाही शेवटी एक क्षणच. दुसऱ्या दिवसापासूनची संध्याकाळ गावाला भरून काढावी लागते.

मोठी अडचण ही की अशी व्यवस्था फारच थोड्यांपर्यंत पोचते. एम्सच्या त्याच सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी केवळ एकाला कुठल्या तरी स्वरूपाची मदत मिळते. रुग्णालयात दाखल होण्याची सोय 180 जणांमागे एकाला. एवढ्यांसाठी मानसोपचारतज्ज्ञ कुठून आणणार? शेजारच्या गोव्याने एक मार्ग दाखवला आहे. तिथे 'संगत' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांकरवी अपायकारक पिणाऱ्या पुरुषांशी एक ते चार बैठकांत संवाद साधला. 'लॅन्सेट'मध्ये 2017 साली आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी अशा पुरुषांपैकी 36 टक्क्यांचं पिणं धोक्याच्या रेषेखाली आलं होतं. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण 26 टक्के होतं. व्यसन पुरतं जडण्याआधी गाठलं, तर गावातल्या आरोग्य केंद्रातलं अर्ध्या तासाचं बोलणंही उपयोगी पडतं. कायदाही आता अगदीच विरोधात नाही. 2017च्या कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजारांच्या व्याख्येत घेतलं, आणि मानसिक आजाराला इतर आजारांसारखाच विमा मिळावा असं सांगितलं. 1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही, अल्प प्रमाणात नशेच्या पदार्थासह सापडलेल्या व्यसनी माणसाने स्वेच्छेने उपचार घेतले तर त्याला खटल्यापासून संरक्षण देणारं कलम आहे. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी 14416 या राष्ट्रीय हेल्पलाइन फुकट आहेत.

पुन्हा श्रावणाकडे येऊ. महिनाभर न पिणाऱ्याची खिल्ली उडवायचं कारण नाही. अवलंबित्व सौम्य असेल तर हा महिना खरोखर उपयोगी आहे. झोप सुधारते, पैसे उरतात, मुलांशी बोलणं होतं. शिवाय या महिन्यात त्याला न मागता व्यवस्था मिळालेली असते: शेजारीही पीत नाहीत, सोमवारचा उपास आहे, घरात सणांची लगबग आहे, 'घे रे' म्हणणाऱ्याला 'श्रावण आहे' एवढं उत्तर पुरतं. जे जमलं ते यामुळे जमलं. म्हणून महिना संपताना 'बघा, मी कधीही सोडू शकतो' असं म्हणणारा माणूस समोर असेल, तर त्याच्याशी वाद घालण्याऐवजी एक साधा प्रश्न विचारता येईल: भाद्रपदातल्या पहिल्या पगाराच्या संध्याकाळी सात वाजता तू कुठे असशील आणि कोणासोबत? उत्तरात एखादा पत्ता आणि एखादं नाव असेल, मग ती मीटिंग असो, तालीम असो, हरिपाठ असो की मुलीचा अभ्यास घेणं असो, तर त्याच्यापाशी श्रावणानंतरचं काहीतरी आहे. उत्तरच आलं नाही, तर त्याला ओरडू नये. ती संध्याकाळ त्याच्यासोबत बसून ठरवावी, जमलं तर पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर जावं.